शिकवण ही सगळ्या मंडळीची ठेव आहे

"आम्हाला शिकवण नको, येशू हवा." हे वाक्य आजकाल ख्रिस्ती मंडळ्यांमधून इतक्या भक्तिभावाने म्हटलं जातं, की त्याला हरकत घेणारा माणूस कोरडा, पुस्तकी किंवा भांडखोर ठरतो. तरीही हरकत घ्यायला हवी. कारण 'येशू हवा' म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न उभा राहतो: कोणता येशू? आजारपण म्हणजे पापाची शिक्षा असं सांगणारा, की जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी 'पाप कोणाचं?' असं विचारल्यावर 'याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही' असं म्हणणारा? दान टाकलं की दुपटीने परत करणारा, की ज्याला डोकं टेकायलाही जागा नव्हती तो? या प्रश्नाचं उत्तर आपण ज्या क्षणी देतो, त्या क्षणी आपण शिकवणच देत असतो. ती बरी की वाईट, एवढंच ठरायचं उरतं.

शिकवणीशिवाय कोणतीही मंडळी चालत नाही. 'आम्ही त्या वादात पडत नाही' असं म्हणणाऱ्या मंडळीचीही एक शिकवण असते. ती कोणी उघड मांडलेली नसते आणि म्हणून कोणाला तपासताही येत नाही. प्रभुभोजनाला कोण कोणाच्या शेजारी गुडघे टेकतो, आजाऱ्याच्या उशाशी बसून काय बोललं जातं, दानाच्या पैशाचा हिशेब विचारण्याची हिंमत कोणाला होते, यात ती दिसते. मंडळीचा खरा विश्वासांगीकार, म्हणजे ती काय मानते याची कबुली, तिथे वाचायला मिळतो. म्हणून शिकवण ही पाळकांची किंवा धर्मशास्त्राच्या पदवीधरांची खासगी विद्या आहे, सामान्य विश्वासणाऱ्याने गाणी म्हणावीत, प्रार्थना करावी आणि बाकीचं त्यांच्यावर सोपवावं, ही समजूत मला फार घातक वाटते.

सुरुवातीपासूनच ही गोष्ट पंगतीत घडली आहे. अंत्युखियाच्या मंडळीत येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आली आणि तो हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याच्यामागोमाग बाकीचे यहूदी विश्वासणारेही उठले, बर्णबासुद्धा ओढला गेला. पेत्राने भाषण बदललं नव्हतं. येशू ख्रिस्त आहे हे तो नाकारत नव्हता. त्याने फक्त बसण्याची जागा बदलली. एखाद्या समंजस माणसाने म्हटलं असतं, "जाऊ द्या, जेवणावरून कशाला वाद?" प्रेषित पौलाने सगळ्यांसमोर त्याला अडवलं, आणि गलतीकरांना लिहिताना तो जे कारण देतो ते पाहण्यासारखं आहे: हे लोक सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालत नव्हते. 'नीट वागत नव्हते' एवढंच म्हणून तो थांबत नाही. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो हा ख्रिस्ती शिकवणीतला सगळ्यात जड सिद्धांत पौलाने त्याच पत्रात, याच जेवणाच्या प्रसंगापासून पुढे उलगडला आहे. पंगत मोडली तेव्हा सिद्धांत मोडला, असं त्याचं म्हणणं आहे.

करिंथच्या मंडळीतही तेच. एकत्र जेवायला जमल्यावर श्रीमंत आधी खाऊन घेत, कोणी तर्र होई, आणि काम संपवून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल त्यांना रागावतो, पण रागावून सोडून देत नाही. 'जे मला प्रभूपासून मिळालं तेच मी तुम्हाला सांगितलं' असं म्हणून तो त्यांना पुन्हा एकदा त्या रात्रीची हकीकत सांगतो, ज्या रात्री येशूने भाकर मोडली. आज प्रत्येक प्रभुभोजनाला वाचले जाणारे ते शब्द मुळात उपाशी राहिलेल्या माणसांच्या तक्रारीवर दिलेलं उत्तर आहेत. आपण ते इतक्या वेळा ऐकतो की हे विसरून जातो.

नंतरच्या काळातलं एक उदाहरण मला कधीच विसरता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत केप वसाहतीतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडपुढे, म्हणजे धर्मसभेपुढे, 1829 साली प्रश्न आला, की प्रभुभोजन गोऱ्या आणि काळ्या सभासदांना वेगवेगळं द्यावं का. सिनॉडने ठामपणे नाही म्हटलं. रंग किंवा उगम न पाहता सगळ्यांना एकत्रच दिलं जाईल, आणि हे देवाच्या वचनावर उभं असलेलं न हलणारं तत्त्व आहे, असा निर्णय झाला. पुढे 1857 साली तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी सिनॉडने म्हटलं, एकत्र असणं हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. पण 'काहींच्या दुर्बलतेमुळे' जिथे अडचण येत असेल तिथे वेगळी जागा करायला हरकत नाही. तत्त्व जागच्या जागी ठेवलं, फक्त एक सवलत दिली. दुर्बल कोण, तर काळ्या माणसाच्या शेजारी बसून त्याच प्याल्यातून पिणं ज्यांना सोसत नव्हतं ते गोरे. त्या सवलतीची 1881 साली गोऱ्या नसलेल्यांसाठी वेगळी मिशन चर्च झाली, आणि पुढे वर्णभेदाचं राज्य उभं राहिलं तेव्हा त्याचं समर्थन करणारं धर्मशास्त्रही त्याच घरात तयार झालं. माणसं आधी वेगळी बसली, वेगळं बसणं ही देवाची योजना असल्याचं नंतर 'सापडलं'.

ही घसरण थांबवायला जे पुढे आले ते शिकवणीला कंटाळलेले नव्हते. मिशन चर्चने 1982 साली केपटाउनजवळच्या बेल्हार इथे भरलेल्या सिनॉडमध्ये वर्णभेदाचं धार्मिक समर्थन हे पाखंड आहे असं जाहीर केलं आणि एका विश्वासांगीकाराचा मसुदा मांडला. तो 1986 साली स्वीकारला गेला. चांगुलपणाचं आवाहन करून त्यांना थांबता आलं असतं. 'सगळ्यांनी प्रेमाने राहावं' याला कोणत्याही वर्णभेद करणाऱ्याने मान डोलावली असती, आपापल्या वेगळ्या चर्चमध्ये बसून. त्यांनी विचारलं ते असं: ख्रिस्ताने वधस्तंभावर जी वैराची भिंत पाडली ती तुम्ही पुन्हा बांधता, मग तुम्ही त्याच ख्रिस्तावर विश्वास ठेवता का? हा प्रश्न विचारायला शिकवण लागते. आणि तो विचारणारे त्या मेजावरून उठवले गेलेल्यांचे वंशज होते, हेही लक्षात ठेवावं.

आता उशाशी काय बोललं जातं त्याकडे येतो. मुलाच्या मृत्यूनंतर एका घरी मी बसलो होतो. मंडळीतले लोक येत होते, प्रार्थना करत होते, प्रेमानेच करत होते. त्यातल्या एकाने जाता जाता त्या आईला सांगितलं, "ताई, देव बरं करायला तयार होता, आपला विश्वास थोडा कमी पडला." तो दुष्ट माणूस नव्हता. दवाखान्यात रात्री जागायला तोच गेला होता. पण तो गेल्यानंतर ती बाई आजारपणाचे दिवस एकेक करून मोजायला लागली. त्या दिवशी तर मी उपास केला होता. त्या रात्री मला झोप लागली होती, तेव्हा का? मग डॉक्टर आले तेव्हा मी घाबरले होते, तेव्हा कमी पडले असेन. मुलगा गेल्याचं दुःख तिला होतंच, त्यावर आता त्याला मारल्याचा गुन्हाही तिने स्वतःच्या अंगावर घेतला.

त्या माणसाला कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी साधा विश्वासणारा, मला शिकवणीतलं काय कळतं. खरं तर त्याच्याकडे शिकवण होती, पक्की आणि सुसंगत होती. विश्वास ही एक रक्कम आहे, ती पुरेशी भरली की देव वस्तू देतो, कमी पडली की देत नाही. ही शिकवण त्याने कुठल्या वर्गात घेतली नव्हती. गाण्यांतून, साक्षींतून, फोनवरच्या संदेशांतून ती त्याच्यात झिरपली होती. आणि त्याच्या मंडळीने त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. पौलाच्या देहात काटा होता आणि तीनदा विनवूनही तो काढला गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर मिळालं. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्याच्या विश्वासाची चौकशी करत नाही. त्रोफिमाला त्याने मिलेतात आजारीच सोडलं. हे कोणी त्याच्याबरोबर बसून वाचलं असतं तर त्या दारात तो गप्प राहिला असता. नुसतं गप्प राहणंही त्या दिवशी मोठी सेवा झाली असती.

त्या आईला देण्यासारखं मंडळीकडे काहीतरी होतं, आणि ते कुठून आलं पाहा. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा पाळक अरियस शिकवत होता, की पुत्र हा सर्वांत थोर असला तरी निर्माण केलेलाच आहे, पिता आणि तो एकाच तत्त्वाचे नाहीत. त्याने ही शिकवण गाण्यांत बांधली, आणि खलाशी, जात्यावर दळणारे, वाटसरू ती गात असत असं जुने इतिहासकार सांगतात. 325 साली निकिया इथे भरलेल्या परिषदेने ती नाकारली. 'पित्याशी एकतत्त्व' हे शब्द तेव्हापासून विश्वासांगीकारात आहेत. अरियसला विरोध करणारा अथनासियस तेव्हा नुसता सेवक (डीकन) होता, पुढे बिशप झाला, आणि या एका मुद्द्यासाठी पाच वेळा हद्दपार झाला. बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्दांचा कीस वाटतो. पण अरियस बरोबर असेल तर वधस्तंभावर देवाने दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं, स्वतः लांबच राहिला. निकिया बरोबर असेल तर आपल्या देहात, आपल्या मरणात देव स्वतः उतरला, आणि गेथशेमाने बागेत 'हा प्याला माझ्यापासून टळून जावो' ही प्रार्थना करून ज्याला तो प्याला प्यावाच लागला तो देवाचा सनातन पुत्र होता. मग त्या आईला सांगता येतं, की मागितलेलं न मिळणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण असू शकत नाही, कारण ज्याचा विश्वास कधीच कमी पडला नाही त्यालाही ते मिळालं नाही; आणि तिसऱ्या दिवशी पित्याने त्याला कबरेतून उठवलं, म्हणून तुझ्या मुलाविषयी शेवटचा शब्द अजून बोलला गेलेला नाही. निकिया ते तिचं घर हे अंतर पार करून देणं म्हणजे पाळकाचं काम. आणि पाळक सगळीकडे पोहोचत नाही, म्हणून मंडळीचंही.

फोनचा विषय निघालाच आहे. 2020 च्या साथीत उपासना पडद्यावर गेली, आणि ती जाणं तेव्हा गरजेचंच होतं. अंथरुणाला खिळलेल्यांना, दूर एकटे राहणाऱ्यांना आजही तिचा आधार आहे. त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्यांचे पाय धड आहेत आणि ज्यांच्यासाठी मंडळी म्हणजे आवडत्या वक्त्यांची यादी झाली आहे त्यांच्याविषयी. 'मी घरीच चांगले संदेश ऐकतो, चर्चच्या भिंतींनी काय होतं?' हा युक्तिवाद नवा नाही. जुन्या काळातला बिशप ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनात रोममधल्या विक्टोरिनस नावाच्या नामांकित वक्तृत्वशास्त्र्याची हकीकत दिली आहे. पवित्र शास्त्र वाचून वाचून हा माणूस मनाने ख्रिस्ती झाला होता. तो आपला ख्रिस्ती मित्र सिंप्लिशियन याला खासगीत म्हणायचा, मी ख्रिस्ती झालोच आहे. सिंप्लिशियन म्हणायचा, तुला ख्रिस्ताच्या मंडळीत पाहीन तेव्हा मानीन. विक्टोरिनस हसून विचारायचा, म्हणजे भिंतींनी का माणूस ख्रिस्ती होतो? हे बरेचदा झालं. त्याला आपल्या प्रतिष्ठित मूर्तिपूजक मित्रांची भीती वाटत होती. शेवटी एक दिवस तो स्वतःच म्हणाला, चला चर्चला, मला ख्रिस्ती व्हायचं आहे. त्याने आधी शिक्षण घेतलं, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी विश्वासांगीकार म्हणायची पाळी आली तेव्हा, लाजणाऱ्यांना देत असत तशी खासगीत म्हणण्याची मुभा त्यालाही देऊ केली गेली. त्याने ती नाकारली आणि सगळ्यांसमोर उंच जागी उभा राहून तोंडपाठ म्हणाला. लोकांत त्याच्या नावाची कुजबुज पसरली आणि मग एकदम शांतता झाली.

शास्त्राचं वाचन त्याने घरी केलं होतं, त्याला ज्ञान कमी नव्हतं. कमी होतं ते हे, की ज्यांच्यापुढे त्याने आपला विश्वास कबूल केला आहे अशी माणसंच त्याला नव्हती. शिकवण पडद्यावरून ऐकता येते, पण ती कबूल करायला समोर कोणीतरी असावं लागतं, असं कोणीतरी, ज्याला उद्या म्हणता येईल, "त्या दिवशी तू असं म्हणालास, मग घरात बायकोशी असं का वागतोस?" पडद्यावरचा उपदेशक हे विचारू शकत नाही. आणि आपणही त्याला विचारू शकत नाही, ही तर आणखी गंभीर गोष्ट. 'डिडाखे' नावाची मंडळीची फार जुनी नियमपुस्तिका आहे, 1873 साली तिची हस्तलिखित प्रत पुन्हा सापडली. गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांना आणि संदेष्ट्यांना मंडळीने कसं पारखावं याचे तिच्यातले नियम अगदी रोखठोक आहेत. प्रेषित आला तर प्रभूसारखं त्याचं स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना त्याने भाकरीशिवाय काही घेऊ नये. पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा. आत्म्याने बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नसतो, ज्याची चालचलणूक प्रभूची आहे तोच. चालचलणूक पाहायला तो माणूस आपल्या घरी उतरलेला असावा लागतो. हजारो मैलांवरून बोलणाऱ्याची चालचलणूक आपल्याला तो दाखवील तेवढीच दिसते. ज्याला पारखता येत नाही त्याच्या हाती मंडळीची शिकवण देणं हे त्या पुस्तिकेच्या लेखकाला वेडेपणाचं वाटलं असतं.

इथे मला सगळ्यात जास्त आग्रहाने म्हणायची गोष्ट येते. शिकवण येणं हे सामान्य सभासदाचं संरक्षण आहे. गलतीकरांना पौल लिहितो, की आम्ही सांगितली त्याहून वेगळी सुवार्ता आम्ही स्वतः किंवा स्वर्गातला देवदूत जरी सांगू लागला तरी तो शापित असो. हे पत्र पुढाऱ्यांना नाही, मंडळ्यांना आहे. म्हणजे पौल मजुरांना, गुलामांना, बायकांना सांगतो आहे की प्रेषितालाही तपासा. बिरुया गावातल्या लोकांनी तेच केलं, पौल म्हणतो ते खरं आहे का हे ते रोज शास्त्रात पाहत राहिले, आणि 'प्रेषितांची कृत्ये' लिहिणाऱ्या लूकने त्यासाठी त्यांना थोर मनाचे म्हटलं, उद्धट म्हटलं नाही. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून, आणि कारण दिलं: प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते आम्ही करू पाहतो. हे ज्याला माहीत आहे तो मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेब मागताना चाचरत नाही. ज्याला माहीत नाही त्याला 'अभिषिक्तावर हात टाकू नका' एवढं एक वाक्य सांगून खाली बसवता येतं. ते वाक्य दावीद शौल राजाच्या जिवाविषयी बोलला होता, खजिन्याच्या वहीविषयी नाही. पण त्याला हे कोण सांगणार? जिथे पुढाऱ्यांनी मुलांवर, स्त्रियांवर अत्याचार केले आणि ते झाकले गेले, तिथे 'क्षमा करा', 'मंडळीचं नाव खराब करू नका' हीच शिकवण पुढे केली गेली. ती अर्धी शिकवण होती. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलं तर ते त्याच्या हिताचं, हे शब्दही येशूचेच आहेत. अर्ध्या शिकवणीवर इलाज म्हणजे पूर्ण शिकवण, सगळ्यांच्या हाती.

माझ्या या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप रक्ताचा आहे. शिकवणीवरून माणसं मारली गेली. फेलिक्स मान्झ या तरुणाने मोठ्या वयात बाप्तिस्मा घ्यावा असं शिकवलं म्हणून झुरिकमध्ये जानेवारी 1527 मध्ये त्याला नदीत बुडवलं, प्रॉटेस्टंट सुधारणा चळवळीच्याच शहरात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही त्रैक्याची शिकवण नाकारणाऱ्या सर्व्हेटसला 1553 साली जिनिव्हात जिवंत जाळलं. त्यांना मारणाऱ्यांना शिकवण पाठ होती. हे नाकारता येत नाही आणि त्याला कोणतंही पांघरूण घालता कामा नये. पण त्यांच्या शिकवणीत शत्रूवर प्रीती करा हे होतं, गव्हाबरोबर वाढलेलं निदण कापणीपर्यंत उपटू नका हेही होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं. शिकवण सोडून दिल्याने हात स्वच्छ होतात असंही इतिहास सांगत नाही. जर्मनीत नाझी सत्तेला मिठी मारणाऱ्या 'जर्मन ख्रिश्चन' चळवळीला जुन्या सिद्धांतांचं ओझंच वाटत होतं, तिला काळाला साजेसा, राष्ट्राला उपयोगी विश्वास हवा होता. तिच्याविरुद्ध मे 1934 मध्ये बार्मेन इथे जे उभे राहिले त्यांनी एक शिकवणीचा जाहीरनामा काढला, आणि त्याचा पहिलाच मुद्दा हा, की ज्याचं ऐकायचं असं देवाचं एकच वचन आहे, येशू ख्रिस्त. त्या जाहीरनाम्यात यहूद्यांच्या छळाविषयी काही नाही ही त्याची मोठी उणीव. म्हणजे तिथेही शिकवण जास्त झाली नव्हती, अपुरी पडली होती.

'शिकवणीने फूट पडते' हे मात्र खरं आहे, त्यात अर्धंच तथ्य असलं तरी. 1529 साली मारबुर्ग इथे लूथर आणि झ्विंग्ली या दोन सुधारकांनी पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत केलं, पंधराव्यात प्रभुभोजनावर अडले आणि वेगळे झाले. त्या एका कलमाचे व्रण अजून आहेत. पण दुरावलेले पुन्हा जवळ आले तेही शिकवणीवर बसून बोलूनच. माणूस नीतिमान कसा ठरतो, या ज्या प्रश्नावर सोळाव्या शतकात पश्चिमेची मंडळी दुभंगली, त्यावर लुथरन आणि कॅथलिक यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. अनेक वर्षांची चर्चा त्यामागे होती. विषय टाळून हे झालं नसतं. शिवाय ज्याला शिकवण येते त्यालाच कळतं की कशावर प्राण द्यायचा आणि कशावर हसून सोडायचं. पौल पुनरुत्थानावर तसूभर हटत नाही आणि कोणता दिवस पाळायचा, काय खायचं यावर ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करावी म्हणतो. आपल्याकडे उलट दिसतं. गिटार वाजवावी की नाही, डोक्यावर पदर घ्यावा की नाही यावरून मंडळ्या फुटतात, आणि ख्रिस्त खरा देव की थोर संदेष्टा यावर त्याच मंडळीतल्या दोन माणसांची उत्तरं वेगळी निघतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

वाचता न येणाऱ्या आजीच्या साध्या विश्वासाचं काय, असंही विचारलं जातं. तिच्यासाठीच तर हे सगळं तयार झालं. लूथरने 1528 च्या सुमारास सॅक्सनीतल्या मंडळ्यांना भेटी दिल्या तेव्हा खेड्यातल्या लोकांना ख्रिस्ती शिकवणीतलं काहीच येत नाही आणि पुष्कळ पाळकांना शिकवताच येत नाही हे पाहून तो हादरला, आणि पुढच्याच वर्षी त्याने लहान प्रश्नोत्तरावली लिहिली: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. ती घरातल्या मोठ्यांनी घरातल्या सगळ्यांना तोंडी शिकवायची होती. ऑगस्टीन तर बाप्तिस्मा घेणाऱ्यांना सांगे की विश्वासांगीकार कागदावर लिहू नका, मनावर लिहा. अक्षर न येणाऱ्या आजीला हे जमतं. बहुधा तिला ते पाठच असतं. तिच्या पदवीधर नातवाला येत नाही, कारण आपण शब्बाथशाळा संपली की शिकवणं संपवतो आणि बारा वर्षांच्या मुलाला पुरेल एवढ्या ज्ञानावर त्याला लग्न, नोकरी, आजारपण आणि मरण यांना तोंड द्यायला सोडून देतो.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक मंडळीने मोठ्या माणसांसाठी शिक्षण पुन्हा सुरू करावं, बाप्तिस्म्याआधी आणि नंतरही. पहिल्या शतकांत हे काही ठिकाणी तीन तीन वर्षं चाले. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रंथात बाप्तिस्म्याला आणलेल्या माणसाविषयी कोणती चौकशी करावी ते दिलं आहे: या काळात त्याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटला का, सत्कर्मं केली का? त्याला घेऊन आलेल्यांनी साक्ष द्यायची, मगच पुढे जायचं. शिकवण आणि जीवन वेगळे विषय आहेत असं तेव्हाच्या शिक्षकांना वाटतच नव्हतं. हबशी षंढाचा बाप्तिस्मा वाटेवरच झाला आणि फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच रात्री, हे मला ठाऊक आहे, आणि तीन वर्षांचा नियम कोणावर लादावा असं मी म्हणत नाही. पण पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेंटेकॉस्टला) बाप्तिस्मा घेतलेल्या तीन हजारांविषयी लूक लगेच पुढे लिहितो, की ते प्रेषितांच्या शिक्षणात, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर राहिले. त्यात शिक्षण पहिलं येतं.

शिकवणार कोण? पाळक एकटा नाही. इफिसात अपुल्लो नावाचा मोठा वक्ता आला होता, शास्त्रात निपुण, पण त्याला योहानाचाच बाप्तिस्मा ठाऊक होता. राहुट्या करून पोट भरणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या नवराबायकोने त्याचं ऐकलं, त्याला आपल्याकडे घेतलं आणि देवाचा मार्ग त्याला अधिक नीट समजावून दिला. भर सभेत त्याचा पाणउतारा केला नाही, आणि वक्ता मोठा आहे म्हणून गप्पही बसले नाहीत. अशी जोडपी, अशा वडीलधाऱ्या बायका बहुतेक मंडळ्यांत असतात. त्यांना कोणी वर्ग सोपवत नाही, एवढंच.

आणि वर्गात प्रश्न विचारायला मोकळीक हवी. पहिले प्रश्न त्रैक्यावर येणार नाहीत. घटस्फोट झालेल्या मुलीने प्रभुभोजन घ्यावं का, आत्महत्या केलेल्या भावाचं काय होतं, दशांश कर्ज काढून द्यावा का, इतकी प्रार्थना करूनही नोकरी का मिळाली नाही, असे येतील. यातल्या पुष्कळ प्रश्नांना तयार उत्तर नसतं, आणि काहींना शिकवणाऱ्याचं उत्तर चुकेलही. तेव्हा त्याने 'मला आत्ता सांगता येत नाही, वाचतो, विचारतो, पुढच्या रविवारी बोलू' असं म्हणावं. आणि पुढच्या रविवारी तो विषय स्वतःहून काढावा.